अर्धी चाल

सप्टेंबर सरला की आमच्या शनिवारांना वास येऊ लागतात.
पहिला सफरचंदांचा, तांब्याच्या हंड्यात रटरटणाऱ्या,
मग भोपळ्यांचा, मग तंबाखूच्या रिकाम्या कोठारांचा,
आणि ऑक्टोबर अर्धा झाला की, पिजन फोर्कच्या खोऱ्यात,
काकवीचा.

केंटकीच्या या डोंगरात ज्वारी कणसासाठी पेरत नाहीत.
कांड्यासाठी पेरतात, उसासारखी सोलून चावावी अशी.
चरकाभोवती एक खेचर फिरतं, त्याचं नाव सिनेटर.
हिरवा रस गोणपाटातून गळत
काहिलीत उतरतो.

आम्ही चौघं.
हॉबर्ट कॉडिल, फिडल, वय एक्याऐंशी.
फिडलच्या पोटात रॅटलस्नेकच्या शेपटीचा खुळखुळा,
त्यानं उंदीर येत नाहीत म्हणतो, ओलही धरत नाही.
व्हर्लिन गिटार; एरवी शाळेची बस चालवतो.
त्याची भाची टॅन्सी, स्वतःच्या बासपेक्षा हातभर बुटकी.
बँजो माझा. मी डेल्सी.
बिदागी: माणशी वीस डॉलर, काकवीच्या दोन बाटल्या,
घेवडा आणि मक्याची भाकरी, पोट भरेस्तोवर.

हॉबर्ट दरवर्षी एक चाल वाजवतो, तिला नाव नाही.
आयसम नेपिअरनं दिलेली,
कुंपणाची तार ओढता ओढता, शिळेवर.
खालचा भाग आज घे, म्हणाला, वरचा उद्या.
उद्या खाणीचं छत बसलं.
त्रेपन्न वर्षं हॉबर्ट तेवढंच वाजवतो,
खालचा, पुन्हा खालचा,
अर्धा जिना चढून
काय आणायला निघालो ते विसरल्यासारखा.
नाचणाऱ्यांचं काही अडत नाही.

यंदा तिसऱ्या फेरीला टॅन्सीनं बासवर तळवा ठेवला.
ऐका, म्हणाली.
काहिलीपाशी, वाफेत,
लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढणारी बाई
तोंड मिटून गुणगुणत होती.
आमच्या चालीशी जुळत नव्हतं ते.
तिच्या पुढे जात होतं.

ओझेला. आयसमची धाकटी.
चाळीस वर्षं ओहायोत, फ्रिजच्या कारखान्यात दारं बसवून
याच वसंतात परतलेली.
हॉबर्ट माइकवर म्हणाला, बाई, वर या.
कशी येऊ? मळी कोण काढील?
नजर हलली की करपतं हे.

मग आम्हीच उतरलो.
गवताच्या गासड्यांवरची माणसं रिकाम्या मंचाकडे बघत राहिली,
मग एकेक करून वळली.
गांधीलमाश्या बँजोच्या कातड्यावर फिरत होत्या,
मी फिरू दिल्या.

ती गुणगुणे, हॉबर्ट चाचपडे.
नाही, तिथं वर नाही जायचं. थांबायचं.
का?
बाबा धार काढताना गायचे.
तिथं आचळ बदलायचे.

तेवढी एक रिकामी जागा
हॉबर्टला चारदा चुकली.
पाचव्यांदा तो तिच्यात नीट उभा राहिला,
आणि मी पहिल्यांदाच पाहिलं,
त्याच्या गळ्याचा कंठमणी हलतो तो कसा.

झारा ओझेलाच्या हातात तसाच.
धूर आला तेव्हा ती किंचाळली,
चुलाणातली लाकडं ओढा, ओढा,
व्हर्लिननं बुटानंच ढकलली,
सिनेटर आपणहून थांबला.

त्या घाणीच्या शहाण्णव बाटल्या, किंचित करपट.
तरी खपल्या. एकानं चव घेऊन
मुद्दाम सहा नेल्या.

परतताना गाडीत नावावरून भांडण.
आयसमचा गोठा, व्हर्लिन म्हणाला.
करपलेली काकवी, टॅन्सी म्हणाली,
आणि माझ्या बुटांना चिपाडं चिकटलीत, त्याचं काय.
हॉबर्ट मागच्या सीटवर, मांडीवर फिडलची पेटी.
खड्डा आला की आतला खुळखुळा वाजे.
मी आरशात बघत होते:
त्याचं बोट पेटीवर चालत होतं,
खालचा भाग, वरचा भाग,
आणि त्या एका जागी
वरच्या वर थांबलेलं.